पेशीतले बिनपडद्याचे थेंब आणि आरएनए: किती घालायचा, कोणता घालायचा

द्रवबिंदू

केंद्रिका, पॅरास्पेकल, स्ट्रेस ग्रॅन्यूल, पी-बॉडी. पेशीतल्या या कप्प्यांभोवती पडदा नसतो, तरी आतला माल आत टिकतो आणि बाहेरच्याशी देवाणघेवाणही चालू राहते. सी. एलिगन्स या कृमीच्या भ्रूणातले पी-ग्रॅन्यूल द्रव थेंबांसारखे वाहतात आणि एकमेकांत मिसळतात, हे २००९ मध्ये दिसलं. अनेक ठिकाणी एकमेकांना धरणारी दोन प्रथिनं नुसती नळीत एकत्र केली तरी थेंब पडतात, हे २०१२ मध्ये. तेव्हापासून सगळी चर्चा प्रथिनांच्या ठरावीक घडी नसलेल्या भागांभोवती फिरते. आरएनए ‘आत सापडतो’ एवढ्यावर भागवलं जातं, आणि प्रयोगाच्या कृतीत ‘थोडा आरएनए घातला’ असं लिहून पुढे जातात.

हा ‘थोडा’ शब्दच घोळ करतो. तेच प्रथिन, तोच आरएनए: २० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरला नळी गढूळ आणि ३०० ला स्वच्छ, असं सहज होतं. मग एक गट लिहितो की आरएनएमुळे थेंब बनतात, दुसरा लिहितो की आरएनएमुळे विरघळतात, आणि दोघांचंही निरीक्षण खरं असतं.

हिशेब असा मांडायचा. प्रत्येक न्यूक्लिओटाइडमागे एक फॉस्फेट, म्हणजे एक ऋणभार. समजा प्रथिनाच्या आरएनए धरणाऱ्या भागावर निव्वळ १२ धनभार आहेत आणि नळीत प्रथिन १० मायक्रोमोलर आहे. एकूण धनभार १२० मायक्रोमोलर. त्यांची बरोबरी करायला १२० मायक्रोमोलर न्यूक्लिओटाइड लागतील. एका न्यूक्लिओटाइडचं सरासरी वजन ३३० धरलं तर हे साधारण ४० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर होतं. गढूळपणा या आकड्याच्या आसपास शिगेला पोचेल अशी अपेक्षा ठेवायची. त्याच्या खाली प्रथिनांना जोडणारा आरएनए पुरत नाही. त्याच्या बराच वर गेलं की प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा वेगळा आरएनए मिळतो, तयार होणारे जोड एकूणात ऋणभारित राहतात आणि एकमेकांना ढकलतात. थेंब जातात. आर्जिनिनने भरलेल्या पेप्टाइडांवर २०१७ मध्ये हे फार नेटकं दाखवलं गेलं. आरएनएचं प्रमाण ही सीमा ओलांडत असताना थेंबाच्या पोटात पोकळ्यासुद्धा उघडतात.

हा आकडा अंतिम उत्तर म्हणून वापरू नये. क्षार भार झाकतात, मॅग्नेशियम फॉस्फेटला बसतं, आरएनए ओळखणारा घडीदार भाग वेगळ्याच ताकदीने धरतो. मालिकेचा मध्य कुठे ठेवायचा एवढं त्यातून ठरतं. ४० मध्य धरला तर ०, ५, १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. नऊ नळ्या. यापेक्षा कमी बिंदूंवर ‘आरएनएचा परिणाम’ असं वाक्य लिहू नये, असं मला ठामपणे वाटतं.

नळीतलं काम करणाऱ्यांनी बफर आणि प्रथिनाबद्दल लिहावं, पेशींवर काम करणाऱ्यांनी स्ट्रेस ग्रॅन्यूलबद्दल. केंद्रकातल्या आरएनएबद्दल कोणी सविस्तर लिहिलं तर फारच उत्तम.


बफरवाला

मालिका बरोबर. पण ती लावताना सर्वात जास्त वेळा जे बिघडतं ते आधी सांगतो: क्षार.

प्रथिनाचा साठा ५०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवलेला असतो, कारण कमी क्षारात ते साठ्यातच थेंब धरेल. आरएनए मात्र पाण्यात विरघळवलेला असतो. आता जास्त आरएनए म्हणजे जास्त पाणी, म्हणजे त्या नळीत क्षार कमी. आरएनएच्या मालिकेसोबत नकळत क्षारांचीही मालिका लागते आणि जे दिसतं त्यातलं किती कोणामुळे हे सांगता येत नाही. उपाय साधा आहे. आरएनएचे सगळे साठे आधी वेगवेगळ्या ताकदीचे, पण एकाच बफरमध्ये बनवायचे. प्रत्येक नळीत आरएनएचं आकारमान तेच, प्रथिनाचं तेच. उदाहरणार्थ २० मायक्रोलिटरच्या नळीत ४ मायक्रोलिटर प्रथिन (५०० मिलिमोलर क्षार), ४ मायक्रोलिटर आरएनए आणि १२ मायक्रोलिटर बिनक्षारी बफर. आरएनए बिनक्षारी बफरमध्ये असेल तर शेवटी सगळीकडे १०० मिलिमोलर.

दुसरं, प्रथिन स्वतःसोबत जिवाणूचा आरएनए घेऊन येतं. आरएनए धरणारं प्रथिन ई. कोलायमधून काढलं की हे ठरलेलंच. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर बघा. शुद्ध प्रथिनाचं ०.६ च्या आसपास असतं. ०.८ किंवा १ दिसलं तर तुमच्या ‘शून्य आरएनए’ नळीत आरएनए आहे. पेशी फोडताना आरएनेझ (आरएनए कापणारं विकर), स्तंभावर १ मोलर क्षाराची धुलाई आणि नंतर हेपारिन स्तंभ, या क्रमाने बहुतेक निघून जातो. मात्र घातलेला आरएनेझही पूर्ण निघाला आहे का, हे तपासलंच पाहिजे. तयार प्रथिनात आरएनए टाकून ३७ अंशांवर तासभर ठेवा आणि जेलवर चालवा. पट्टी पसरली तर स्तंभ पुन्हा.

एफयूएससारखं आरएनए धरणारं प्रथिन मॉल्टोज-बाइंडिंग प्रथिनाची शेपटी लावून विरघळलेलं ठेवतात आणि टीईव्ही प्रोटिएजने ती कापली की थेंब सुरू होतात. इथे आरएनए कधी घातला याची वेळ लिहून ठेवा. कापण्याआधी घातलेला आणि थेंब बनल्यावर अर्ध्या तासाने घातलेला, दोन्हींचा शेवट सारखा येईलच असं नाही. थेंब जुने होऊन घट्ट झाले असतील तर नंतरचा आरएनए फक्त कडेवर बसतो.

साठा बर्फावर वितळवू नका. एफयूएस थंडीत जास्त सहज वेगळं पडतं. खोलीच्या तापमानाला वितळवायचं, १५,००० जीला १० मिनिटं फिरवायचं आणि वरचं द्रावण घेऊन त्याचंच प्रमाण पुन्हा मोजायचं.


नवपेशी

धागा वाचनखुणेत ठेवला. एक शंका: आरएनए वाढवल्यावर थेंब गेले हे केवळ गढूळपणा उतरला म्हणून म्हणायचं का? थेंब तळाशी बसले तरी गढूळपणा उतरेल ना?


बफरवाला

@नवपेशी, हो, अगदी बरोबर. ३४० नॅनोमीटरवरचं वाचन म्हणजे विखुरलेला प्रकाश. थेंब मोठे होऊन बसले तरी ते उतरतं, आणि प्रथिनाचे नुसते गठ्ठे झाले तरी चढतं. म्हणून तीन गोष्टी एकत्र बघायच्या: गढूळपणा, सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र आणि फिरवून वर उरलेलं प्रमाण.

तिसऱ्यात एक अडचण आहे. आरएनए २८० नॅनोमीटरवरही भरपूर शोषतो, त्यामुळे वरच्या द्रावणातलं प्रथिन शोषणावरून मोजता येत नाही. ब्रॅडफर्डची रंग-चाचणी वापरा किंवा प्रथिनाचा १ ते २ टक्केच भाग चमकरंग लावलेला ठेवून त्याची चमक मोजा. सगळं प्रथिन रंगवू नका. रंगाचा रेणू स्वतः चिकट असतो आणि थेंबाचं वागणं बदलतो.

काचेचं बघायला विसरू नका. कोऱ्या काचेवर थेंब पसरून चपटे होतात आणि आकार मोजणं निरर्थक ठरतं. पीईजी या चिकटू न देणाऱ्या बहुवारिकाचं अस्तर दिलेली काच सर्वात चांगली. घाई असेल तर १ टक्का प्लुरॉनिक एफ-१२७ अर्धा ते एक तास ठेवून धुऊन टाका. बोव्हाइन अल्ब्युमिन बरेच जण वापरतात, पण ते ऋणभारित आहे आणि धनभारित प्रथिनाला ओढतं. आरएनएच्या प्रयोगात मी ते टाळायला सांगेन.


राइबोलेखन

आतापर्यंत ‘आरएनए’ एकच वस्तू असल्यासारखी चर्चा चालली आहे. तशी ती नाही. १० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा, ७६ चा टीआरएनए आणि ३,००० चा एमआरएनए यांचं वजन सारखं घेतलं तर फॉस्फेट जवळपास सारखेच येतात, पण एका साखळीला किती प्रथिनं एकदम धरता येतात यात प्रचंड फरक पडतो. छोटा तुकडा दोन प्रथिनांना जोडूच शकत नाही. तो प्रथिनाचा हात अडवून ठेवतो आणि थेंब मोडतो. लांब साखळी अत्यल्प प्रमाणातही जाळं विणते. म्हणून तुलना नेहमी वजनाने करा, मोलरने नाही. मोलरने केली तर लांबीचा परिणाम आणि प्रमाणाचा परिणाम एकमेकांत मिसळतात.

कृत्रिम साखळ्यांमधली सर्वात साधी पॉली-यू (फक्त यू बेसांची साखळी), कारण ती स्वतःशी जवळपास जोड्या लावत नाही. भाराचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर तीच घ्या. पॉली-ए च्या बेसांची चळत लागते आणि आम्ल पीएचला दुहेरी सर्पिलही बनतं. पॉली-जी चार पदरांत वळते आणि पोटॅशियम असेल तर सुटता सुटत नाही. ‘पॉली-जीने जास्त थेंब दिले’ यावरून अनुक्रमाबद्दल काही म्हणण्याआधी ती नळीत कुठल्या रूपात होती हे ठाऊक हवं.

टी७ पॉलिमरेझने (डीएनएवरून नळीत आरएनए बनवणारं विकर) केलेला आरएनए तसाच वापरू नका. त्यात दुहेरी पदर असलेले उपपदार्थ असतात, न वापरलेले न्यूक्लिओटाइड असतात आणि भरपूर मॅग्नेशियम असतं. डीएनेझने डीएनए कापून टाका, मग शुद्धीकरण. लिथियम क्लोराइडने अवक्षेप करणार असाल तर लक्षात ठेवा, ते लांब आरएनएला चांगलं. काहीशे न्यूक्लिओटाइडांच्या खालचे तुकडे त्यात नीट खाली बसत नाहीत. लहान तुकड्यांसाठी युरिया जेलमधून कापून काढणं हाच खात्रीचा मार्ग. प्रमाण मोजताना २६० नॅनोमीटरवरचं १ शोषण म्हणजे ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर.

घडी: आरएनए आधी मॅग्नेशियमशिवाय ९० ते ९५ अंशांवर २ मिनिटं, सावकाश खोलीच्या तापमानापर्यंत, आणि त्यानंतरच मॅग्नेशियम. उलट क्रम केला, म्हणजे मॅग्नेशियमसह तापवलं, तर साखळी तुटते. ३,००० चा एमआरएनए ४०० च्या तुकड्यांत मोडला तर थेंबाचं वागणं बदलणारच, आणि दोष प्रथिनावर जातो. प्रयोगाच्या आधी आणि शेवटी, दोन्ही वेळा जेल चालवा.

मॅग्नेशियमबाबत अजून एक. पेशीत एकूण मॅग्नेशियम बरंच असलं तरी मोकळं साधारण अर्धा ते एक मिलिमोलर असतं, कारण एटीपी आणि राइबोसोम त्याला धरून ठेवतात. १० मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये आरएनए एकटाच, प्रथिनाशिवाय, थेंब किंवा जेल धरू शकतो. तेव्हा ‘प्रथिन नाही, आरएनए आहे’ ही नळी प्रत्येक मालिकेत हवीच. स्पर्मिन घालत असाल तर ती अधिकच गरजेची.


ताणकण

पेशींबद्दल लिहितो.

स्ट्रेस ग्रॅन्यूलमध्ये आरएनए आहे की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे की कुठला आरएनए आणि कुठल्या अवस्थेत. सर्वात सोपा पुरावा औषधांचा. यू२ओएस किंवा हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना ०.५ मिलिमोलर सोडियम आर्सेनाइट अर्धा ते एक तास द्या. भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) सुरू करायला लागणारा ईआयएफ२-अल्फा फॉस्फोरिलेट होतो, भाषांतर सुरू होणं थांबतं, राइबोसोम एमआरएनएवरून धावत पलीकडे निघून जातात आणि एमआरएनए उघडा पडतो. ग्रॅन्यूल दिसतात. आता सायक्लोहेक्सिमाइड दिलं तर राइबोसोम एमआरएनएवरच गोठतात, आणि ताण तसाच असूनही ग्रॅन्यूल विरतात किंवा बनतच नाहीत. प्युरोमायसिन राइबोसोम उतरवतं आणि ग्रॅन्यूलना मदत करतं. दोन्ही औषधं भाषांतर थांबवतात, परिणाम मात्र उलटे. म्हणजे निर्णायक गोष्ट आहे राइबोसोम नसलेला उघडा एमआरएनए. भाषांतर थांबणं एवढ्याने काम होत नाही.

प्रथिनांच्या बाजूने महत्त्वाची दोन, जी३बीपी१ आणि जी३बीपी२, दोन्ही आरएनए धरणारी. दोन्ही काढून टाकलेल्या यू२ओएस पेशींत आर्सेनाइटने ग्रॅन्यूल बनत नाहीत. पण सॉर्बिटॉलचा ऑस्मोटिक ताण दिला तर बनतात. तेव्हा ‘जी३बीपी शिवाय ग्रॅन्यूल अशक्य’ असं सरसकट लिहू नये. २०२० मध्ये दिसलं की जी३बीपी१ चा आम्लधर्मी भाग त्याच्याच आरएनए धरणाऱ्या टोकाला झाकून ठेवतो. उघडा, लांब आरएनए वाढला की तो झाकलेला हात सुटतो आणि जाळं बनतं. वरच्या औषधांच्या प्रयोगाशी हे तंतोतंत जुळतं.

आरएनए स्वतःच स्वतःला चिकटतो हेही विसरू नका. यीस्टमधून काढलेला एकूण आरएनए, प्रथिनाविना, योग्य क्षारांत घट्ट होतो, आणि त्या गोळ्यात जे एमआरएनए जास्त जातात ते स्ट्रेस ग्रॅन्यूलमधल्यांशी बऱ्याच अंशी जुळतात. मग निरोगी पेशीत सगळाच आरएनए एकत्र का येत नाही? एक उत्तर हेलिकेज. ईआयएफ४ए एटीपी खर्चून आरएनए-आरएनए जोड सोडवत राहतो. हिप्पुरिस्टॅनॉलने तो अडवला की ईआयएफ२-अल्फाला हात न लावताही ग्रॅन्यूल उभे राहतात.

प्रमाणाची कल्पना असावी म्हणून: स्ट्रेस ग्रॅन्यूलमध्ये पेशीतल्या एकूण एमआरएनए रेणूंपैकी साधारण १० टक्केच जातात. बाकीचे बाहेर. आत जाणाऱ्यांत लांब आणि कमी भाषांतरित होणारे जास्त. त्यामुळे एखाद्या एमआरएनएसाठी एक-रेणू फिश (एकेक एमआरएनए चमकता ठिपका म्हणून दाखवणारी पद्धत) करून ‘आत दिसला’ म्हणणं पुरेसं नाही. पेशीतल्या त्याच्या एकूण ठिपक्यांपैकी किती टक्के आत, आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या स्वैर ठिकाणी किती पडले असते, हे दोन्ही द्या. ठिपके दाट असलेल्या पेशीत योगायोगाने आत पडणारे पुष्कळ असतात.


द्रवबिंदू

@ताणकण, सायक्लोहेक्सिमाइड आणि प्युरोमायसिन शेजारी ठेवणं फार चांगलं. हे पी-बॉडींनाही लागू होतं का?


ताणकण

सायक्लोहेक्सिमाइडने पी-बॉडीही कमी होतात, कारण तिथेही राइबोसोमवरून सुटलेला एमआरएनए लागतो. पण पी-बॉडी ताण नसतानाही असतात, त्यामुळे आधीची मोजणी घेतल्याशिवाय काही म्हणता येत नाही.


गाभारेषा

केंद्रकाचं मी लिहिते. इथे आरएनएची तीन अगदी वेगळी कामं दिसतात आणि ती एकाच नियमात बसवायचा हट्ट धरू नये.

पहिलं, विरघळवून ठेवणं. एफयूएसचं केंद्रकातलं प्रमाण इतकं आहे की तेवढं नळीत घातलं तर थेंब पडावेत. केंद्रकात ते बहुतांशी पसरलेलं राहतं. २०१८ मध्ये केंद्रकात आरएनेझ टोचून आरएनए कमी केला तेव्हा एफयूएस एकत्र आलं. म्हणजे केंद्रकातला भरपूर आरएनए एफयूएसला विखुरलेलं ठेवतो. द्रवबिंदू यांच्या मालिकेतला उजवीकडचा, स्वच्छ झालेला भाग तो हाच. याचा एक गंभीर अर्थ निघतो. एएलएस या चेतापेशींच्या आजारातल्या काही उत्परिवर्तनांनी एफयूएस केंद्रकातून पेशीद्रव्यात उतरतं, जिथे हे आरएनएचं संरक्षण कमी आहे.

दुसरं, चौकट बनणं. पॅरास्पेकलचा कणा म्हणजे नीट१ (NEAT1) या आरएनएचा लांब प्रकार, माणसात सुमारे २३ हजार न्यूक्लिओटाइडांचा. छोटा प्रकार, सुमारे ३,७०० चा, एकट्याने पॅरास्पेकल उभा करू शकत नाही. लांब साखळीची दोन्ही टोकं गोळ्याच्या कडेला आणि मधला भाग गाभ्यात. नोनो आणि एसएफपीक्यू ही प्रथिनं मधल्या भागाला धरतात. मधला भाग कापला तर पॅरास्पेकल नीट बनत नाही. ५-प्राइम टोकाचा भाग कापला तर त्या बाजूचं टोक कडेला न थांबता गाभ्यात शिरतं. तेल-पाण्यासारखा साधा द्रव असता तर साखळीच्या टोकांची जागा ठरलेली असायचं कारण नव्हतं. वेगवेगळ्या स्वभावाचे तुकडे जोडलेली बहुवारिकं जशी मायसेल बनवतात, त्या पद्धतीने याकडे बघणं जास्त योग्य.

तिसरं, जिथे तयार होतो तिथेच थेंब धरणं. केंद्रिका आरडीएनएभोवतीच का बनते? कारण आरएनए पॉलिमरेझ १ तिथेच सुमारे १३ हजार न्यूक्लिओटाइडांचा पूर्वगामी आरआरएनए ओतत असतो. अ‍ॅक्टिनोमायसिन डी अगदी कमी, ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास, दिलं तर मुख्यतः पॉलिमरेझ १ थांबतो आणि केंद्रिकेचे थर वेगळे होऊन कडेला टोप्या दिसतात. मात्रा वाढवली की पॉलिमरेझ २ सुद्धा थांबतो आणि निष्कर्ष निसटतो. डीआरबी या रसायनाने पॉलिमरेझ २ अडवला तर वेगळंच चित्र: केंद्रिका उलगडून मण्यांच्या माळेसारखी पसरते. ही दोन चित्रं एकाच प्रयोगात शेजारी घ्या, म्हणजे कुठल्या आरएनएचा परिणाम हे स्पष्ट होतं.

जनुक चालू होण्याच्या जागीही हेच दिसतं. २०२१ मध्ये मेडिएटर या जनुक चालू करायला मदत करणाऱ्या प्रथिनसमूहाच्या थेंबांवर दाखवलं गेलं की सुरुवातीचा थोडा, आखूड आरएनए थेंबाला मदत करतो, आणि आरएनएची साखळी लांबत जाताना निघणारा भरपूर आरएनए तोच थेंब मोडतो. पुन्हा तोच वर जाऊन खाली येणारा आलेख, पण इथे तो पेशी स्वतः वापरते.


बुरशीप्रेमी

ओळखीबद्दल कोणी बोललं नाही. एकाच प्रथिनाचे दोन थेंब एकमेकांत का मिसळत नाहीत?

अ‍ॅशबिया गॉसिपी ही बहुकेंद्रकी बुरशी. तिच्यातलं व्हाय३ हे प्रथिन केंद्रकांजवळ सीएलएन३ एमआरएनएसोबत थेंब करतं आणि वाढत्या टोकांशी बीएनआय१ सोबत. दोन्ही एमआरएनएंवर व्हाय३ ची बांधणीची ठिकाणं पाच-पाच. मग फरक कशाने? घडीने. नळीत व्हाय३ आणि बीएनआय१ चे थेंब आधी करून घ्या. त्यात नीट घडी घातलेला सीएलएन३ सोडला तर तो आत शिरत नाही, वेगळा राहतो. तोच सीएलएन३ तापवून घडी मोडून सोडला तर बीएनआय१ च्या थेंबात मिसळतो. घडीत सीएलएन३ चे जे भाग आत दडलेले असतात ते उघडे पडतात आणि बीएनआय१ च्या जुळणाऱ्या भागांशी जोड्या लावतात. एकच रेणू, अनुक्रम तोच, प्रथिन तेच. बदलली ती फक्त घडी. राइबोलेखन यांनी घडीची कृती इतकी खोलात लिहिली त्यामागचं कारण या प्रयोगाइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

चिकटपणाही आरएनए ठरवतो. बीएनआय१ चे थेंब सीएलएन३ च्या थेंबांपेक्षा घट्ट. उलट सी. एलिगन्सच्या एलएएफ-१ या प्रथिनाच्या थेंबात आखूड आरएनए घातला की चिकटपणा उतरतो.


चिकित्सक

धागा चांगला चालला आहे म्हणून दोन हरकती नोंदवतो.

एक, थेंबाचं कारण आरएनए आहे हे दाखवायला १,६-हेक्सेनडायॉल वापरू नका. ते दुबळे जलविरोधी जोड मोडतं. भारावर उभे असलेले आरएनए-प्रथिन थेंब त्यात टिकून राहू शकतात, म्हणून ‘विरघळला नाही, तर द्रव नाही’ हा निष्कर्ष चुकतो. पेशीत ५ ते १० टक्के दिलं तर पडदा सच्छिद्र होतो आणि कायनेज-फॉस्फेटेजची कामंही बिघडतात. भाराचा प्रश्न असेल तर नळीत क्षारांची मालिका लावा: ५०, १००, १५०, ३००, ५०० मिलिमोलर.

दोन, फ्रॅपमध्ये (लेसरने चमक विझवून, म्हणजे विरंजित करून, ती किती परत येते ते बघणं) चमक परत आली म्हणजे द्रव, नाही आली म्हणजे घन, असं सरळ होत नाही. छोटा थेंब पूर्ण विरंजित केला तर बाहेरून येणारा माल मोजला जातो. मोठ्या थेंबाच्या मध्यभागी छोटा ठिपका विरंजित केला तर आतली हालचाल. दोन्ही वेगळे प्रयोग आहेत. शिवाय प्रथिन झपाट्याने परत येतं आणि लांब आरएनए जागचा हलत नाही, हे एकाच थेंबात एकाच वेळी होतं. फक्त प्रथिन रंगवून ‘थेंब द्रव आहे’ म्हणणं अर्धवट. आरएनएला टोकाला रंग लावा आणि दोन्ही वाहिन्या मोजा.


गाभारेषा

दुसऱ्या हरकतीला पूर्ण पाठिंबा. जनुकातला छोटा अनुक्रम पुन्हा पुन्हा आल्याने होणाऱ्या आजारांत हा फरक नजरेत भरतो. सीएजीच्या पुनरावृत्ती असलेला आरएनए (हंटिंग्टनमध्ये ४० किंवा जास्त पुनरावृत्ती रोग देतात) नळीत मॅग्नेशियमसोबत गोठतो आणि फ्रॅपमध्ये परत येत नाही, जेलच म्हणायचं. तोच आरएनए पेशीच्या केंद्रकात ठिपके करतो, पण तिथे ते मिसळतात आणि चमक परत येते. पेशीचा एटीपी संपवला की चमक परत येणं बरंच मंदावतं. ताणकण यांनी सांगितलेल्या हेलिकेजशी ताडून बघा. आरएनएचे जोड सैल ठेवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते, आणि नळीत तो खर्च करणारं कोणी नसतं. फ्रॅपची तुलना नळी विरुद्ध पेशी अशी करताना हा फरक लेखात लिहायलाच हवा.

पहिल्या हरकतीला मात्र एक जोड: नळीतल्या क्षार-मालिकेत आरएनएची घडीही बदलते. १०० ते ३०० मिलिमोलर जाताना थेंब कमी झाले ते भार झाकल्यामुळे की आरएनएची घडी घट्ट झाल्यामुळे, हे वेगळं काढायला तीच मालिका पॉली-यूसोबत लावा.


नवपेशी

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: कप्प्यात आरएनए लागतो हे दाखवायला पेशी अर्धवट उघडून आरएनेझ ए देणं पुरेसं आहे का?


राइबोलेखन

पुरेसं नाही, आणि का ते महत्त्वाचं आहे. आरएनेझ ए स्वतः जोरदार धनभारित प्रथिन आहे, समविद्युत बिंदू ९.६ च्या आसपास. ते कापण्याआधी आरएनएला नुसतं धरूनही थेंब बदलू शकतं. तापवून ‘निष्क्रिय’ केलेला आरएनेझ ए हा नियंत्रण म्हणून चालत नाही, कारण थंड झाल्यावर तो पुन्हा घडी घालतो आणि कामाला लागतो. नियंत्रण म्हणून आरएनेझ आणि त्याचा अवरोधक एकत्र, किंवा कापण्याची क्षमता काढून टाकलेला उत्परिवर्ती. आरएनेझ टी१ वेगळ्या जागी, एकपदरी भागातल्या जी (ग्वानिन) बेसनंतर कापतो. दोन्हींनी सारखंच झालं तर बळकटी येते.

पण मोठी अडचण गाभारेषा यांनी वर दिलीच आहे. आरएनए काढल्यावर काही प्रथिनं सुटी होतात आणि काही, एफयूएससारखी, उलट गठ्ठे करतात. आरएनेझनंतर कप्पा ‘टिकला’ असं दिसलं तर तो तोच कप्पा आहे की आरएनए गेल्यामुळे साचलेला गठ्ठा, हे चमकेच्या एका वाहिनीवरून कळत नाही. ठरावीक एका आरएनएचा संशय असेल तर त्याच्याविरुद्ध अँटिसेन्स ऑलिगो (त्याच्याशी जुळणारा छोटा डीएनए तुकडा) देऊन पेशीतल्या आरएनेझ एचकडून तोच कापून घ्या. बाकीचा आरएनए जागेवर राहतो.

आणि नंतर तो किती उरला हे मोजताना एक गोष्ट सांभाळा. नीट१ सारखे चौकटीचे आरएनए आरएनए काढायच्या नेहमीच्या ट्रायझॉल पद्धतीत पूर्ण बाहेर येत नाहीत. प्रथिनांच्या जाळ्यात अडकून मधल्या थरात राहतात. ट्रायझॉलमधला नमुना ५५ अंशांवर १० मिनिटं तापवा किंवा बारीक सुईतून पुन्हा पुन्हा ओढा, म्हणजे कित्येक पटींनी जास्त मिळतो. हे केलं नाही तर पॅरास्पेकल मोडलेल्या पेशीत नीट१ ‘वाढलेला’ दिसू शकतो. प्रत्यक्षात तो वाढलेला नसतो, जाळं सैल झाल्यामुळे फक्त जास्त बाहेर आलेला असतो. म्हणून नियंत्रण आणि उपचार, दोन्ही नमुने तापवूनच काढायचे, आणि एक जोडी न तापवता शेजारी ठेवायची.